माळावरच्या मुंग्या आणि आपला अर्धा राहिलेला वाद

सर,

काल दुपारी तुम्हाला माती दिली. खड्ड्यात तुम्हाला बसवलं होतं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, मांडीवर बेलाची पानं. स्वामी मंत्र म्हणत होते आणि लोक एकेक मूठ माती टाकत होते. माझी पाळी आली तेव्हा मी ढिगाशी वाकले आणि वाकलेलीच राहिले. खणताना एक वारूळ फुटलं असावं. काळ्या मातीवर बारीक मुंग्यांची धांदल उडाली होती, जिच्या तिच्या तोंडात पांढरा कोष. तुमचे थोरले भाऊ मागं उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रडू नको पोरी," अण्णा म्हणाले, "सुटला तो."

मी रडत नव्हते, सर. ती कोणती आहे ते बघत होते. कमरेला दोन गाठी होत्या. बहुतेक बारीक, मधूनच एखादी अंगापेक्षा डोकं मोठं असलेली. एवढं बघितलं, मग मूठभर माती टाकली आणि बाजूला झाले. अण्णांना काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही पुढचा प्रश्न विचारला असता.

दुसरं एक सांगायचं आहे. घरी आल्यापासून मला हलकं वाटायलंय. दुःख आहेच, पण त्याच्यावर हे हलकेपण येऊन बसलंय. वर्षभर मला दोन गोष्टींची भीती होती. एक, तुम्ही श्वासासाठी तडफडत जाल. दुसरी, आपलं माळाचं भांडण लोंबकळत ठेवून जाल. दोन्ही झालं नाही. तुम्ही दुपारचं जेवण करून, खिडकीपाशी खुर्चीत, डोळे मिटून गेलात. काकू तुमच्यासाठी ताक घेऊन आल्या तेव्हा त्यांना वाटलं, झोप लागली. भांडणाचं म्हणाल, तर अर्धं मिटलं, आणि जे राहिलं ते राहण्यासारखंच आहे.

तुमच्याकडं मी आले ती मुंग्यांसाठी नाही, हे तुम्हाला माहीत होतं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटले तेव्हा मी आईच्या आजारपणामुळं घरी होते. परत आले तोवर मासे संपले होते, रेशीमकिडे संपले होते. वर्गातली पोरं हसत म्हणाली, "तुला आता मुंग्याच उरल्यात." मी तुमच्या खोलीत आले. तुम्ही मान वर न करता विचारलं, "मुंगी चावली हाय का कधी?"

"लय वेळा."

"मग ओळख हाय," असं म्हणून तुम्ही उठलात आणि मला कॉलेजच्या मागच्या लिंबाखाली घेऊन गेलात. इस्त्रीच्या पँटीसकट खाली बसलात. "इथं किती जाती दिसायल्यात?"

मी म्हटलं, "दोन. काळी आणि लाल."

"हे रंग झाले. जाती सांग."

ऊन डोक्यावर येईपर्यंत आपण तिथंच होतो. खोडावर चढणारा मुंगळा, पानाखाली दडणारी, दारासमोर भुश्शाचं कडं करणारी, नुसती सैरावैरा पळणारी. प्रत्येकीचं काम वेगळं, वेळ वेगळी, तोंड वेगळं. माझ्या दोनच्या पार पुढं आपण गेलो आणि तुम्ही अजून थांबायला तयार नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, की आपण रोज ज्याच्यावरून चालतो ते आपण कधी पाहिलेलंच नाही. संध्याकाळी मी आईला फोन करून हे सांगितलं. आई म्हणाली, "मुंग्या बघायला शिकायला गेलीस का तू?" मी म्हटलं, हो.

प्रकल्प संपला, मी पास झाले, एका ज्युनियर कॉलेजात तासिकेवर शिकवायला लागले आणि पीएच.डी.साठी पुन्हा तुमच्याच दारात आले. तुम्ही विचारलं, "जागा कोणती घ्यायची?" मी आमचा माळ सांगितला. चारठाण्याला लोक जुनी देवळं बघायला येतात आणि बघून परत जातात. त्यांच्याही पलीकडं आमची वस्ती आहे, मागं मुरमाड चढ आणि वर गावचं गायरान. आमच्या घरी मेंढरं. आजोबांची होती, वडलांची होती, आता भीमादादा, माझा थोरला भाऊ, सांभाळतो. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माळ चढून वर उभे राहिलात, चारी बाजूंनी पाहिलं आणि तुमचा चेहरा उतरला.

"पार खरवडून टाकलाय," तुम्ही म्हणालात.

मला तो माळ तसाच माहीत होता.

त्याच वर्षी गावात कुंपणाचं आलं. गायरान तारेनं बंद करायचं, आत झाडं लावायची, मेंढरं-शेळ्या बाहेर. सुरुवातीला एक तुकडा बंद करून बघायचं आणि मग सगळा माळ. अधिकारी आले होते, त्यांनी तुमचं मत विचारलं. तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, "बंद करा. चराई थांबली की जीव परत येतील."

अधिकारी गेल्यावर आपण माळावर दोघंच होतो. खाली दादाची मेंढरं चरत होती.

"सर, तुम्ही त्यांना असं कामून सांगितलं?"

"कारण तसं हाय. मेंढरं हायत तोवर या माळावर काही टिकायचं न्हाई, सविता."

"सर, मेंढरं म्हणजे आमी."

उतरताना मी तुमच्या पुढं चालत होते, आणि तुम्ही "हळू" म्हणालात तरी थांबले नाही. तेव्हा वाटलं, मला राग आल्याचं तुम्हाला कळावं. नंतर कळलं, तुम्हाला तेव्हापासूनच धाप लागायला लागली होती.

पुढचे काही आठवडे आपण कामापुरतं बोललो. घरी मी दादाला सांगू शकत नव्हते, की ज्यांच्या हाताखाली शिकायलेय त्यांनीच आपला माळ बंद करा म्हणून सांगितलंय. त्याला ते गावातून कळलंच. तो एवढंच म्हणाला, "तुझा सर शिकलेला माणूस हाय. पण आमी जावं कुठं, ते त्याला विचार." मी ते तुम्हाला जसंच्या तसं विचारलं. मला वाटलं तुम्ही चिडाल. पण तुम्ही म्हणालात, "मला उत्तर माहीत न्हाई. पण माळाचं काय होतं ते आपल्याला मोजता येईल. तू मोज, मी मोजतो. जे येईल ते दोघांनी मानायचं."

असं आपलं खरं काम सुरू झालं. तीन जागा. कुंपणातला तुकडा, मेंढरं येतात-जातात तो उघडा माळ, आणि रात्री मेंढरं कोंडतात त्या वाडग्याच्या भोवतीची जमीन, जिथं मेंढरं रोज सकाळ-संध्याकाळ उभी राहतात. प्लास्टिकचे कप तोंडापर्यंत जमिनीत पुरायचे, तळाशी साबणाचं पाणी, म्हणजे चालता चालता मुंगी आत पडते. दुसऱ्या दिवशी कप काढायचे, गाळायचे, परभणीला कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखायची. मेंढरांनी आपले किती कप तुडवले, ते आठवलं की आत्ताही हसू येतं. एकदा एक मेंढी कपातलं साबणपाणी पिऊन गेली आणि तुम्ही दादाला घाबरून विचारत होता, "हिला काही होईल का हो?" दादा म्हणाला, "तिला न्हाई, तुमच्या मुंगीला झालं असंल." तुम्ही दोघं पहिल्यांदा हसलात ते तेव्हा.

पहिला हंगाम तुमचा झाला. कुंपणाच्या आत गवत कमरेएवढं आलं आणि कपांत जातीही वाढल्या. तुम्ही मला काही सुनावलं नाही, पण चालण्यात फरक पडला होता. मी मात्र खचले. दादाला काय सांगायचं, हाच विचार डोक्यात. त्याच सुमारास तुम्ही मला झरी गावच्या एका शेतात कप लावायला नेलंत. काळी, नांगरून सपाट केलेली जमीन, एकच पीक. तिथल्या कपांत मोजक्याच जाती निघाल्या. तुम्ही म्हणालात, "बघ, माळ खरवडलेला असला तरी याच्यापेक्षा किती भरलेला हाय." तेव्हा मला वाटलं, तुम्ही माझी समजूत काढताय. आता वाटतं, तेव्हाच तुमच्या मनात कुठंतरी शंका आली होती.

कारण पुढच्या हंगामांत चित्र फिरलं. कुंपणातलं गवत कुणी चरेना, कापेना. ते वाळून, आडवं पडून जमिनीवर गादी झाली. मोकळी, तापणारी जमीनच आत उरली नाही. भर उन्हात धावणारी लांब पायांची मुंगी गेली. दाणे गोळा करून दारापाशी फोलपटं टाकणारी गेली. घराच्या तोंडाशी पिसं आणून लावणारी, तुमची लाडकी, तीही गेली. कप मात्र भरलेले. एकाच बारीक जातीनं भरलेले. बाहेर, उघड्या माळावर, जिथं गवताचा झुबका होता, दगड होता, मेंढरांच्या खुरांनी मोकळी झालेली जमीन होती, तिथं कपाकपात वेगळं काहीतरी निघत होतं.

मी आकडे घेऊन तुमच्यासमोर आले. तुम्ही पाहिलेत आणि म्हणालात, "पुन्हा ओळखून घे सगळ्या."

मी सगळ्या पुन्हा ओळखल्या. तेच आलं. मग तुम्ही स्वतः बसलात. दिवसचे दिवस, चष्मा कपाळावर सरकवून, एकेक बाटली. मी शेजारच्या टेबलाशी नुसती बसून होते आणि माझा संताप वाढत होता. शेवटी मी बोललेच. "सर, तुमच्या बाजूचं आलं तेव्हा तुम्ही एकदाही तपासलं नाहीत."

तुम्ही सूक्ष्मदर्शकातून डोळा वर काढलात. "खरं हाय. आवडणारं उत्तर आलं तेव्हा तपासलं न्हाई, ही माझी चूक. न आवडणारं आलं म्हणून तपासायलोय, ही चूक न्हाई."

आजही मी माझ्या वर्गातल्या पोरांना ते वाक्य सांगते. तुमचं म्हणून सांगते.

आणि मग माझी पाळी आली. वाडग्याभोवतीचे कप तुम्ही म्हणाला होता तसेच निघाले. रिकामे. दोन-चार चिवट जाती, बाकी काही नाही. मी म्हटलं, "वाडगा हा माळ न्हाई, सर. ती जागा सोडून देऊ." तुम्ही म्हणालात, "कामून? तिथं मेंढरं न्हाईत का?" मी वाद घातला, दोन दिवस घातला. तुम्ही हलला नाहीत. शेवटी कागदावर तिन्ही जागा शेजारी शेजारी आल्या. अजिबात न चरलेली एका टोकाला, फार चरलेली दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडं जाती कमी. आणि मधे, मेंढरं येतात आणि पुढं जातात तिथं, सगळ्यांत जास्त. असं इतर ठिकाणीही दिसतं, हे आपण दोघांनी वाचलेलं होतं. पण आपल्या माळावर, आपल्या हातानं पुरलेल्या कपांत ते दिसलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "चहा मागव. दोघंबी हरलाव."

एवढ्यात तुमचा आजार कळला. फुफ्फुसं कडक होत चालली होती, औषधानं परत मऊ होणारी नव्हती. तुम्ही ते मला असं सांगितलंत जसं एखादा कप फुटल्याचं सांगावं. आणि त्याच उन्हाळ्यात आमच्या गावानं ठरवलं, की उरलेला माळही बंद करायचा की नाही ते ग्रामसभेत ठरवू.

डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, "सर, मी बोलते. आकडे माझ्याजवळ आहेत." तुम्ही म्हणालात, "तू बोललीस तर लोक म्हणतील, मेंढपाळाची पोरगी हाय, ती दुसरं काय बोलणार. बंद करा मी म्हणलो होतो. उघडा मलाच म्हणावं लागंल." काकू तुम्हाला अडवतील म्हणून मी त्यांच्याकडं पाहिलं. काकूंनी नुसतं विचारलं, "गाडीत ऑक्सिजनचा सिलिंडर मावंल का?" मावला. तुमच्या पुतण्यानं गाडी चालवली, काकू मागं सिलिंडर धरून बसल्या, आणि तुम्ही सेलूच्या घरून आमच्या वस्तीपर्यंत, त्या रस्त्यानं, आलात.

ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये लोक दाटीनं बसले होते. तुम्ही खुर्चीत, नाकाला नळी. मी मागं उभी होते आणि तुमच्या पाठीकडं बघत होते. तुम्ही आधी मुंग्यांचं सांगितलंत. कुणीतरी मागून म्हणालं, "मुंग्यांचं काय करायचं आमाला?" तुम्ही थांबलात, श्वास घेतलात. "मुंगी माती वर-खाली करती, दाणे पेरती, मेलेलं उचलती. ती ज्या जमिनीत टिकती ती जमीन बरी हाय, एवढं समजा." मग एक जण म्हणाला, "पण सर, कुंपणात तर मुंग्या लय हायत. आमी बघितलं." तेव्हा तुम्ही म्हणालात, "लय हायत. पण सगळ्या एकाच घरच्या. गावात शंभर घरं असली आणि सगळी पदं एकाच घरात गेली, तर त्याला तुमी पंचायत म्हणाल का?" सगळी शेड हसली. सरपंच सोडून.

मग तो प्रश्न आलाच. "तुमीच म्हणला होता ना, मेंढरं बाहेर काढा?"

"म्हणलो होतो," तुम्ही म्हणालात. "चुकलो. पण अर्धा चुकलो. मेंढरांवाले बसलेत तिकडं, तेबी ऐका. कितीबी चारलं तरी माळाला काही होत न्हाई, असं तुमी म्हणता. तेबी खोटं हाय. वाडग्याभोवती जाऊन बघा, तिथं काही न्हाई."

दादा ताडकन उठला. मला वाटलं, आता झालं. तो म्हणाला, "मग आमी काय करावं, तेबी सांगा की."

तुम्ही सांगितलंत. माळाचे वाटे पाडा. एक वाटा चारा, दुसरा राखा, मग पाळी बदला. कुंपण ठेवा, पण त्याला फाटक करा. वाडगा एकाच जागी ठेवू नका. एवढं बोलायला तुम्हाला किती वेळ लागला ते काकूंना विचारावं. त्यांचा हात सिलिंडरच्या चावीवर होता. दादा "हे जमंल" म्हणून खाली बसला.

त्या दिवशी ठराव झाला नाही. बोलणी लांबली, कुणाला वाटे मान्य, कुणाला नाही, अधिकाऱ्यांना विचारायचं. तुम्हाला परत सेलूला नेलं आणि त्यानंतर तुम्ही घराबाहेर पडला नाहीत. एक गोष्ट तेव्हा तुम्हाला सांगितली नाही, कारण तुम्ही अवघडला असता. तुमची गाडी गेल्यावर आई शेडच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "लय दमला होता गं माणूस. घरी बसून काहीबी बोलला असता तर कोण विचारायला जाणार होतं?" आणि पदरानं तोंड पुसून आत गेली. माझ्या आईनं माझ्या शिक्षणाबद्दल काढलेला तो एकच चांगला शब्द आहे, सर, आणि तो तुमच्या वाट्याचा आहे.

पुढचे महिने मी आठवड्याला येत होते. प्रत्येक वेळी तुमचा पहिला प्रश्न, "फाटकाचं काय झालं?" आणि प्रत्येक वेळी माझं उत्तर, "अजून न्हाई." तुमचा आवाज दर वेळी बारीक झालेला असायचा. परत जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात गावातल्या एकेकाशी भांडत असायचे. तुम्ही जाल आणि नंतर गाव होकार देईल, तर त्याचा मला काय उपयोग, असं वाटायचं. हे स्वार्थी होतं. माळाला त्यानं काही फरक पडत नव्हता. मला पडत होता.

म्हणून त्या मंगळवारी दादाचा फोन आला तेव्हा मी तुमच्याच घरी होते, हे माझं केवढं नशीब. त्याला नीट बोलताही येत नव्हतं. "उघडलं बघ. सगळे आलेत. सरपंचबी आलाय. मी आत घालायलोय मेंढरं." मी फोन तुमच्या कानाला लावला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मलाही ऐकू येत होतं, दादाचं हाकारणं, कोकरांचं बोंबलणं, कुणाचं तरी "अरे तारेला अडकलं ते" म्हणून ओरडणं. तुम्हाला हसू आलं, हसण्यानं खोकला आला, काकू धावत आल्या. खोकला थांबल्यावर तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच म्हणालात, "दुसऱ्या वाट्यात कप लाव. पाऊस पडायच्या आत."

लावले, सर. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यात लावले.

आता जे राहिलं ते. मधल्या एका वर्षी उघड्या माळावरच्या जाती घटल्या होत्या. तुम्ही म्हणत होता, मेंढरं वाढली म्हणून. मी म्हणत होते, पाऊस कमी झाला म्हणून. शेवटच्या भेटीतही आपण त्यावरच होतो. तुम्ही बोटानं "नाही, नाही" करत होता आणि मी हट्टानं पावसाचं सांगत होते. याचं उत्तर मिळायला अजून काही वर्षं मोजावं लागेल. मला तुम्ही हवे होता त्यासाठी. बरोबर ठरले तर कुणाला सांगू, आणि चुकले तर माझ्यासारखीला कोण झापणार? पण हा वाद असा आहे की तो मनात घेऊन जगता येतं. पहिला तसा नव्हता. पहिल्यात माझं घर एका बाजूला होतं आणि तुम्ही दुसऱ्या. तो तुम्ही स्वतः येऊन, धापा टाकत, मिटवून गेलात. त्यासाठी मी तुम्हाला कधी तोंडानं काही म्हटलं नाही. आपल्याकडं गुरूला असं म्हणायची रीत नाही, आणि म्हटलं असतं तर तुम्ही विषय बदलला असता. आता बदलता येणार नाही. सर, तुमचे उपकार आहेत. माझ्यावर आहेत, दादावर आहेत.

आज सकाळी मी काकूंकडं गेले होते. घरात माणसं होती, अण्णा दारात लोकांशी बोलत होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चहाचं आधण ठेवलं होतं. साखरेच्या डब्यापासून खिडकीपर्यंत मुंग्यांची ओळ लागली होती आणि काकूंच्या हातात ओलं फडकं होतं. पुसायला म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला.

"हिचं नाव काय गं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. लॅटिन नाव ऐकून त्या म्हणाल्या, "एवढीशी, आन नाव केवढं." मग म्हणाल्या, "त्यांनी मला कधी सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलं होतं का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "मला वाटायचं, त्यांचं ते त्यांच्यापाशी. मला काय कळणार."

मी तुमच्या खोलीतून तुमचा सूक्ष्मदर्शक उचलून आणला आणि ओट्यावर, खिडकीच्या उजेडात ठेवला. ओळीतली एक मुंगी काचेवर घेतली, भिंग जुळवून दिलं आणि बाजूला झाले. काकूंनी पदर खांद्यावरून मागं टाकला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटून बघितला, आणि एकदम म्हणाल्या, "अगं बाई, हिच्या अंगावर तर केस हायत!"

बाहेरून अण्णांनी चहासाठी हाक दिली. आधण उकळून उतू गेलं, गॅस विझला, मी पुढं होऊन बटण बंद केलं. काकूंनी मान वर केली नाही.